खतावणी कोणाच्या हाती?

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा दुकानदारांचा माल गेला, यंत्रे गेली आणि त्यांच्याबरोबर हिशेबही गेले. गाळात रुतलेल्या वह्या आणि पाण्याखाली राहिलेले संगणक यांतून उधारी, साठा, येणी-देणी पुन्हा उभी करणे हे नव्याने दुकान थाटण्याइतकेच कठीण काम होते. विम्याच्या दाव्याला साठ्याचा पुरावा लागतो, बँकेला ताळेबंद लागतो, आणि पुरावाच वाहून गेलेला असतो. ज्याचे हिशेब दूरच्या संगणकावर, म्हणजे आज ज्याला ‘क्लाउड’ म्हणतात तेथे ठेवलेले असतात, त्याचे निदान एवढे तरी नुकसान टळते.

तीन वर्षांनी, ३१ जुलै २०२४ रोजी, याच्या उलट चित्र दिसले. लहान बँकांना संगणकसेवा पुरवणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोरांचा संगणक-हल्ला झाल्याच्या शक्यतेमुळे राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने त्या कंपनीला देयक-व्यवस्थेपासून तात्पुरते तोडले. देशातील सुमारे तीनशे सहकारी व ग्रामीण बँकांच्या खातेदारांचे व्यवहार एकाएकी अडले. सेवा लवकरच पूर्ववत झाली. परंतु दोष कोणाचा, पैसे सुरक्षित आहेत की नाहीत आणि विचारायचे कोणाला, हे बँकेच्या दारात उभ्या असलेल्या खातेदाराला कळण्याचा मार्ग नव्हता. पुष्कळ ठिकाणी बँकेच्या शाखाधिकाऱ्यालाही नसावा.

या दोन घटनांतून दोन सोपे निष्कर्ष काढता येतील आणि ते दोन्ही चुकीचे ठरतील. एक असा की क्लाउड हे प्रगतीचे साधन आहे, सबब सर्वांनी विनाविलंब तेथे जावे. दुसरा असा की ते परावलंबनाचे जाळे आहे, सबब लहान माणसाने त्यापासून दूर राहावे. वस्तुतः साधनाची बरी-वाईट बाजू साधनात नसते. ते कोणाच्या ताब्यात आहे आणि वापरणाऱ्याला त्याची किती जाण आहे, यात असते. लहान दुकानदार, कारखानदार, पतसंस्था, विकास सोसायटी हे सर्व आता या व्यवस्थेत ओढले जात आहेत. ते तेथे जाणते ग्राहक म्हणून जाणार की बांधलेले कूळ म्हणून, हा खरा प्रश्न आहे. अर्थनीतीच्या चर्चेत तो फारसा विचारला जात नाही.

सक्ती आली, शिक्षण आले नाही

क्लाउड या शब्दाभोवतीचे धुके प्रथम दूर केले पाहिजे. तेथे ढग नाही; आहे ती एक मोठी वखार. हजारो संगणकांची ही वखार दुसऱ्या कोणाच्या मालकीची असते आणि तिच्यातील जागा व तिच्यावर चालणारे कार्यक्रम महिन्याच्या वा वर्षाच्या भाड्याने मिळतात. लहान धंद्याला यात खरा लाभ आहे. महागडे यंत्र विकत घ्यावे लागत नाही, भांडवल अडकत नाही, आग वा पूर आला तरी हिशेब वाचतो, आणि मोठ्या कंपनीला जी सोय परवडते तिचा अंश छोट्या पेढीलाही मिळतो. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचे फायदे लहानांपर्यंत पोचवणारी ही व्यवस्था आहे, हे समाजवाद्यांनी मोकळेपणाने मान्य करावे.

परंतु भाड्याच्या व्यवहाराला भाड्याचे नियमही लागतात. पूर्वी हिशेबाचा कार्यक्रम एकदा विकत घेतला की तो वर्षानुवर्षे चाले. आता भाडे थांबले की दार बंद होते. आरंभीचा दर स्वस्त असतो. पाच-सात वर्षांचे हिशेब, ग्राहकांच्या याद्या, उधारीच्या नोंदी एके ठिकाणी साठल्या की दुसरीकडे जाण्याचा खर्च वाढतो आणि भाडेकरूची सौदाशक्ती तेवढ्याच प्रमाणात घटते. दरवाढीचे पत्र आले तर तो कुरकुरतो आणि पैसे भरतो. करार इंग्रजीत असतो, पानेच्या पाने लांब असतो आणि तो न वाचताच स्वीकारला जातो.

हा व्यवहार किती लोकांना स्पर्श करतो? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीनुसार देशात शेतीबाहेरचे ६ कोटी ३४ लाखांच्या आसपास सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग होते. त्यांत ११ कोटींहून अधिक माणसे काम करीत होती, आणि या उद्योगांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक सूक्ष्म होते. म्हणजे लघुउद्योग या नावाखाली ज्यांची चर्चा होते ते मुख्यतः एकटा मालक, त्याची बायको-मुले आणि फार तर एक-दोन नोकर यांचे धंदे आहेत. त्यांच्याकडे संगणक विभाग नसतो, हिशेबनीसही बहुधा नसतो.

या माणसांना संगणकीय व्यवस्थेत आणले ते जाहिरातींनी नव्हे, तर कायद्याने. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि विवरणपत्र संगणकाखेरीज भरता येईनासे झाले. मग ई-बीजक आले. १ ऑक्टोबर २०२० रोजी ते ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांपुरते होते. पुढील तीन वर्षांच्या आत ही मर्यादा १००, ५०, २०, १० अशी उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. त्याखालचा उद्योजक कागदोपत्री मोकळा असला तरी व्यवहारात नसतो. खरेदीदाराला कराची वजावट मिळणे विक्रेत्याने आपले विवरण वेळेवर भरण्यावर अवलंबून ठेवले गेले आहे. त्यामुळे मोठा खरेदीदार लहान पुरवठादाराला सांगतो की संगणकावर ये, नाहीतर माल घेत नाही. इचलकरंजीचा यंत्रमागवाला असो की सांगलीचा हळद व्यापारी, या दट्ट्यातून कोणी सुटलेला नाही.

सक्तीच्या प्रत्येक टप्प्यावर तारीख जाहीर झाली आणि दंड जाहीर झाला. शिकवणार कोण, हे मात्र बाजारावर सोपवले गेले. बाजाराने आपल्या पद्धतीने उत्तर दिले. सेवा विकणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी येऊन अर्ध्या तासात कोणती कळ कोठे दाबायची ते दाखवून जातो आणि त्यालाच प्रशिक्षण म्हटले जाते. ते विक्रीचे प्रात्यक्षिक असते. आपला हिशेब बाहेर कसा काढावा, दुसऱ्या कंपनीकडे कसा न्यावा, भाडे थांबवले तर काय होईल, हे तो प्रतिनिधी शिकवणार नाही. शिकवणे त्याच्या हिताचेही नाही. उरलेले काम कर-सल्लागाराकडे वा चौकातल्या संगणक केंद्राकडे जाते. धंदा एकाचा, परवलीचा शब्द दुसऱ्याच्या वहीत आणि पडताळणीचा संदेश तिसऱ्याच्या मोबाइलवर, अशी स्थिती गावोगाव आढळते. नोकर काम सोडून गेला की त्याच्याबरोबर धंद्याच्या किल्ल्याही जातात.

लहान मालक स्वतः प्रशिक्षणावर खर्च का करत नाही, असा प्रश्न विचारला जातो. अर्थशास्त्राला याचे उत्तर फार पूर्वीपासून ठाऊक आहे. शिकवून तयार केलेला कारकून चार पैसे अधिक मिळताच शेजारच्या मोठ्या पेढीत जातो. खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा. म्हणून प्रत्येक मालक दुसऱ्याने शिकवण्याची वाट पाहतो आणि कोणीच शिकवत नाही. ज्या गोष्टीचा लाभ सर्वांना पण खर्च एकट्याला, ती गोष्ट सार्वजनिक रीतीनेच उभी करावी लागते. रस्ता आणि शाळा यांना जो न्याय लागू, तोच येथे लागू.

केवळ पैसे वाटून हे काम होत नाही, हे ब्रिटनच्या अनुभवावरून दिसते. तेथील सरकारने जानेवारी २०२२ मध्ये लहान धंद्यांना हिशेब व विक्रीचे संगणक-कार्यक्रम घेण्यासाठी ५,००० पौंडांपर्यंत सवलत देणारी योजना काढली. लक्ष्य एक लाख धंद्यांचे होते. प्रतिसाद इतका तुटपुंजा निघाला की फेब्रुवारी २०२३ मध्ये योजना गुंडाळावी लागली. त्याच मालिकेतील दुसरी योजना प्रत्यक्ष प्रशिक्षणाची होती: बारा आठवड्यांचा वर्ग, सोबत शिकणाऱ्या इतर धंदेवाल्यांचा गट आणि प्रत्येकाला एक अनुभवी मार्गदर्शक. खर्चाचा ९० टक्के भार सरकारवर होता. सवलतीची योजना बंद झाली तेव्हा ही चालू राहिली. लहान धंदेवाल्याला सवलतीपेक्षा शेजारी बसून सांगणारा माणूस अधिक हवा असतो, हा यातला बोध आहे.

१८७९ चा धडा

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली आणि पाहता पाहता पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील कित्येक गावांत तोच प्रकार घडला. या दंग्यांचे वैशिष्ट्य असे की जमावाचा रोख मुख्यतः माणसांवर वा धान्यावर नव्हता. तो कर्जरोख्यांवर आणि हुकूमनाम्यांवर होता. कागद हाती आला आणि जाळला की जमाव पुष्कळदा शांत होई. शोषणाचे मूळ कोठे आहे हे त्या निरक्षर माणसांना नेमके कळले होते. कर्ज त्यांचे, जमीन त्यांची, अंगठा त्यांचा. पण वही सावकाराची आणि तिच्यात काय लिहिले आहे हे फक्त सावकारालाच ठाऊक.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा झाला. त्या कायद्यातील एका भागाकडे आज पुन्हा पाहिले पाहिजे. दिलेल्या प्रत्येक पैशाची लेखी पावती मागण्याचा, वर्षाकाठी हिशेबाचा उतारा मागण्याचा आणि खातेपुस्तक लिहून घेण्याचा हक्क त्याने शेतकरी कर्जदाराला दिला. आजच्या भाषेत सांगायचे तर आपल्याविषयीची माहिती आपल्या हाती असण्याचा हा हक्क होता, आणि तो या देशात जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी कायद्यात लिहिला गेला होता.

परंतु ज्याला वाचता येत नाही त्याच्या हाती पावती देऊन काय साधणार? उतारा आला तरी तो वाचून दाखवायला पुन्हा सावकाराचा मुनीमच. ज्याच्याविरुद्ध हक्क वापरायचा त्याच्याच दयेवर तो हक्क अवलंबून राहिला. शेतकऱ्याच्या अज्ञानाचा आणि त्याच्या नागवणुकीचा संबंध महात्मा फुले यांनी याच काळात दाखवून दिला होता. शिक्षणावाचून दिलेला हक्क पोकळ ठरतो. आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या सहकारी चळवळीने आणखी एक गोष्ट शिकवली: शिक्षणही एकट्या-दुकट्याचे असेल तर टिकत नाही, त्याला संघटनेचा आधार लागतो.

खतावणी आता कागदावर राहिलेली नाही आणि पेढीवर सावकारही बसलेला नाही. सेवा देणाऱ्या कंपन्यांना सावकार म्हणणे अन्यायाचे होईल; त्यांतील अनेक चोख काम करतात. तथापि नात्याची घडण तीच आहे. नोंद एकाची, कपाट दुसऱ्याचे, आणि कपाटाची भाषा नोंद करणाऱ्याला न समजणारी.

गटसचिवाच्या टेबलावर

या सर्व गोष्टींची कसोटी आज विकास सोसायट्यांत लागत आहे. २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक समितीने ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. पाच वर्षांसाठी एकूण तरतूद २,५१६ कोटी रुपये, त्यांत केंद्राचा वाटा १,५२८ कोटी. सरासरी काढली तर संस्थेमागे सुमारे चार लाख. पुढे संस्थांची संख्या व तरतूद दोन्ही वाढवण्यात आली. सर्व संस्थांसाठी एकच सामाईक, क्लाउडवर चालणारा कार्यक्रम, आणि तो उभा करण्याची जबाबदारी नाबार्डकडे. २४ फेब्रुवारी २०२४ रोजी १८,००० संस्थांतील संगणकीकरणाचे उद्घाटनही झाले.

योजनेची दिशा योग्य आहे, असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. खासगी विक्रेत्यांच्या दारात प्रत्येक सोसायटीला एकटे उभे करण्याऐवजी सार्वजनिक संस्थेने सर्वांसाठी मिळून एक व्यवस्था उभारली, ही गोष्ट समाजवादी विचाराशी सुसंगत आहे. मंजुरीच्या कागदात यंत्रांबरोबर जुन्या नोंदींचे संगणकीकरण, देखभाल आणि प्रशिक्षण यांचाही उल्लेख आहे. म्हणून टीका योजनेच्या हेतूवर नाही. प्रश्न आहे तो प्रशिक्षण या शब्दाचा अर्थ काय घेतला जातो याचा.

सोसायटीच्या कचेरीत काम करणारा गटसचिव डोळ्यांसमोर आणावा. अनेक ठिकाणी एकाच सचिवाकडे दोन-दोन, तीन-तीन सोसायट्या असतात. पगार वेळेवर मिळेलच असे नसते. मार्चअखेर वसुली, त्यानंतर खरिपाचे कर्जवाटप, मधे लेखापरीक्षण आणि निवडणुका. अशा माणसाला तालुक्याच्या ठिकाणी बोलावून पडद्यावर चित्रे दाखवली, उपस्थितीची सही घेतली, की त्याचे प्रशिक्षण झाले असे अहवालात लिहिता येते. गावी परतल्यावर पहिली अडचण येते तेव्हा तो कोणाला विचारणार? वर्गातले शिक्षण वर्गाबाहेर पडताच विसरले जाते. ते टिकते ते प्रत्यक्ष अडचणीच्या वेळी कोणी मदतीला आला तर. मदतीसाठी दूरच्या शहरातला एक दूरध्वनी क्रमांक एवढीच सोय असेल तर सचिव दोनदा प्रयत्न करील आणि तिसऱ्या वेळी जुनी वही काढील. मग संगणकात एक हिशेब आणि वहीत दुसरा, अशी दुहेरी नोंद सुरू होते. आणि दोन हिशेबांतील अंतर ही अफरातफरीची सर्वांत सुपीक जमीन असते.

याचा फटका बसतो तो सभासदाला. मुदतीत परतफेड करणाऱ्या शेतकऱ्याला पीककर्जाच्या व्याजात सवलत मिळते. भरणा वेळेवर झाला पण नोंद चुकीच्या तारखेला पडली, तर तो थकबाकीदार ठरतो, सवलत जाते आणि पुढच्या हंगामाचे कर्जही अडते. रेशनच्या आणि खताच्या दुकानातील यंत्रांमुळे ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य खेड्यात आता तोंडपाठ झाले आहे. तलाठ्याच्या ‘उद्या या’ची जागा त्याने घेतली आहे. फरक इतकाच की उद्या या म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येत असे.

सामुदायिक जाणकार

मग करायचे काय? उत्तरासाठी परदेशात जाण्याची गरज नाही. १९५० साली प्रवरानगरला जे घडले ते आठवले तरी पुरे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला तेव्हा साखर बनवणे हे लहान ऊस उत्पादकाच्या दृष्टीने आजच्या क्लाउडइतकेच अगम्य तंत्र होते. म्हणून काही प्रत्येक ऊस उत्पादक रसायनतज्ज्ञ झाला नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी केली नाही. सर्वांनी मिळून रसायनतज्ज्ञ नेमला, अभियंता नेमला, आणि ते सभासदांच्या संचालक मंडळाला जबाबदार राहिले. सभासदाने तंत्र शिकावे असे नव्हते. तंत्रज्ञाला कोणते प्रश्न विचारावेत एवढे त्याला कळले पाहिजे, असे होते.

हेच सूत्र येथे लावले पाहिजे. दहा-पंधरा सोसायट्या, पतसंस्था, लगतच्या बाजारपेठेतील व्यापारी संघ, यंत्रमागधारकांची संस्था, महिला बचत गटांचा तालुका महासंघ यांनी मिळून एक-दोन पगारी जाणकार नेमावेत. हे जाणकार कोणत्याही कंपनीचे दलाल नसावेत आणि त्यांना कोणत्याही विक्रीवर दलाली मिळू नये. महिन्यातून ठरलेल्या दिवशी त्यांनी प्रत्येक ठिकाणी जावे, अडचण प्रत्यक्ष सोडवावी आणि ती कशी सोडवली हे मराठीत लिहून ठेवावे, म्हणजे दुसऱ्या गावच्या सचिवाला तीच ठेच पुन्हा लागणार नाही. अशा नोंदींतून दोन-तीन वर्षांत जी पोथी तयार होईल ती कोणत्याही कंपनीच्या माहितीपुस्तिकेपेक्षा अधिक उपयोगी ठरेल, कारण ती अडलेल्या माणसांनी लिहिलेली असेल. जाणकारांसाठी तरुणांचीही वाण नाही. तंत्रनिकेतनांतून आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बाहेर पडून काम शोधणारी मुले-मुली प्रत्येक तालुक्यात आहेत.

शिकवायचे काय, तेही ठरवता येईल. आपल्या हिशेबाची एक प्रत दर आठवड्याला स्वतःच्या ताब्यात कशी ठेवावी. परवलीचा शब्द आणि मोबाइल क्रमांक संस्थेच्या नावाने कसे राखावेत आणि माणूस बदलला की ते कसे बदलावेत. करारातील भाडे, दरवाढ आणि सेवा थांबवण्याची कलमे कशी वाचावीत. फसवा संदेश कसा ओळखावा. आणि सेवा बंद पडली तर चार दिवस कागदावर काम कसे चालवावे. या पाच गोष्टी सातवी शिकलेल्या दुकानदाराला समजतील अशा मराठीत सांगता येतात. कळ दाबणे मुले घरीच शिकवतात. या पाच गोष्टी कोणी शिकवत नाही.

पैसा कोठून येणार, हा प्रश्न नेहमी अखेरचा म्हणून टाकला जातो. रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ साली सुरू केलेल्या सहकारी भांडाराने दहा वर्षांच्या आत आपल्या वाढाव्यातील अडीच टक्के रक्कम शिक्षणासाठी बाजूला काढण्याचा नियम केला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातही शिक्षण निधीची तरतूद आहे आणि कलम २४-अ अन्वये सभासद, संचालक व कर्मचारी यांच्या शिक्षण-प्रशिक्षणाची जबाबदारी घातलेली आहे. हा निधी उद्घाटने, सहली आणि सत्कार यांवर जिरू न देता त्यातील ठरावीक हिस्सा या कामाला बांधून द्यावा. उरलेला भार सरकारने उचलावा. ज्या सरकारने ई-बीजकाची सक्ती करून आपली करवसुली सुकर केली, त्याने त्या सुकरतेची किंमत लहान माणसाकडून वसूल करू नये.

केरळने २००२ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात ‘अक्षय’ केंद्रे सुरू केली तेव्हा प्रत्येक कुटुंबातील निदान एकाला संगणकाची ओळख करून देण्याचे लक्ष्य ठेवले आणि केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर असेल असे पाहिले. महाराष्ट्राने २००१ मध्ये राज्य ज्ञान महामंडळ स्थापन केले आणि त्याचा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम खेडोपाडी पोचला. परंतु त्या अभ्यासक्रमाचे रूप हळूहळू नोकरीच्या अर्जाला जोडायच्या प्रमाणपत्राचे झाले. केंद्रे आहेत, शिक्षक आहेत. दिशा बदलण्याचा निर्णय तेवढा हवा.

बाहेर पडण्याचा हक्क

तथापि शिक्षण आणि संघटना यांच्या जोडीला कायदाही लागेल. १८७९ चा धडा उलट बाजूनेही खरा आहे: हक्कावाचून शिक्षण म्हणजे आपण कसे अडकलो आहोत हे नीट समजणे, एवढेच. युरोपीय संघाने हे ओळखले. १२ सप्टेंबर २०२५ पासून तेथे लागू झालेल्या नव्या विदा-कायद्यानुसार क्लाउडसेवा देणाऱ्या कंपनीला ग्राहकाची वाट अडवता येत नाही. दोन महिन्यांहून अधिक पूर्वसूचनेची अट घालता येत नाही, आणि १२ जानेवारी २०२७ पासून स्थलांतरासाठी शुल्कही घेता येणार नाही. भारतात मात्र उलटे घडले. व्यक्तिगत विदा संरक्षणाच्या २०१९ च्या विधेयकात आपली माहिती एका सेवादात्याकडून दुसऱ्याकडे नेण्याचा हक्क होता. २०२३ साली मंजूर झालेल्या कायद्यातून तो गळला. आणि तोही व्यक्तीला होता, धंद्याला वा संस्थेला नव्हे. किराणा दुकानदाराच्या खतावणीला या देशात आज असे स्पष्ट संरक्षण नाही.

हे संरक्षण नसल्याने काय होऊ शकते ते जुलै २०२५ मध्ये दिसले. गुजरातेत वाडीनार येथे वर्षाला दोन कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण कारखाना चालवणारी नायरा एनर्जी ही कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. युरोपीय संघाने निर्बंध घातल्यानंतर मायक्रोसॉफ्टने आपली सेवा थांबवली, आणि पैसे भरलेले असूनही आपलीच माहिती आपल्याला उघडता येत नाही, अशी तिची तक्रार होती. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. एवढ्या मोठ्या कंपनीला दिल्लीत वकील उभा करता आला. मालेगावच्या यंत्रमागवाल्यावर वा कोपरगावच्या पतसंस्थेवर अशी वेळ आली तर ती कोणाचे दार ठोठावणार?

म्हणून मागणी स्पष्ट असावी. प्रत्येक सेवादात्याने ग्राहकाला त्याचा संपूर्ण हिशेब, मागेल तेव्हा, विनामूल्य आणि दुसऱ्या कार्यक्रमात वाचता येईल अशा रूपात दिला पाहिजे. भाडे थकले तरी ठरावीक मुदतीपर्यंत नोंदी नष्ट करता कामा नयेत. कराराचा मराठी सारांश देणे बंधनकारक असावे आणि तक्रारीचा निवाडा जिल्ह्याच्या ठिकाणी व्हावा. सार्वजनिक पैशातून उभारलेल्या सोसायट्यांच्या व्यवस्थेने तर हे नियम स्वतःला प्रथम लावून घ्यावेत. सोसायटीची नोंद सोसायटीच्या सभासदांची आहे. ती केवळ दिल्लीच्या वा मुंबईच्या पडद्यावर दिसावी आणि गावच्या सर्वसाधारण सभेला मात्र कळू नये, असे झाले तर त्याला सहकार म्हणता येणार नाही.

या सर्वावर एक आक्षेप हमखास येईल आणि तो टाळण्यासारखा नाही. ज्या सहकारी संस्था पुढाऱ्यांच्या जहागिरी झाल्या, ज्यांतील कित्येक बँका संचालकांनी बुडवल्या, त्यांच्याच गळ्यात हे नवे काम कशासाठी घालायचे? आक्षेपात तथ्य आहे. म्हणूनच जाणकाराची नेमणूक, त्याचे काम आणि खर्च यांचा अहवाल सर्वसाधारण सभेपुढे वाचला जावा, आणि नोंदी पाहण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला असावा. सभासद आपले खाते स्वतः उघडून पाहू शकला तर संचालकाला तारखा आणि आकडे फिरवणे कठीण होईल. सहकार बिघडला तो सभासद अडाणी ठेवला गेला म्हणून. त्यावर उपाय सहकार सोडून देणे हा नसून सभासदाला जाणता करणे हा आहे. संस्था टाळून गेलेला लहान माणूस मोकळा राहत नाही. तो एकटा पडतो.

दुसरा आक्षेप असा की नवी पिढी हे सारे आपोआप शिकेल. ती वापरायला शिकेल, यात शंका नाही. परंतु वापरता येणे आणि ताब्यात असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सावकाराच्या पेढीवर अंगठा उठवायला कोणालाही प्रशिक्षण लागत नव्हते.

समाजवादी चळवळीने एके काळी रात्रशाळा चालवल्या, साक्षरतेचे वर्ग घेतले, ग्राहक भांडारे उभी केली. त्या कामाला तेव्हा कोणी तंत्रज्ञान म्हणत नसे. पण अक्षर आणि आकडा हेच त्या काळचे तंत्र होते आणि ते ज्याच्या हाती नव्हते तो नागवला जात होता. आजचा वर्ग वेगळ्या विषयाचा असेल, इतकेच. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी जवळच्या एका सोसायटीत वा बाजारपेठेत जाऊन एवढे विचारावे: तुमच्या हिशेबाची प्रत तुमच्याकडे आहे का, परवलीचा शब्द कोणाला ठाऊक आहे, आणि उद्या ही सेवा बंद पडली तर विचारणार कोणाला? जेथे या तीन प्रश्नांना उत्तर मिळणार नाही, तेथे कामाला सुरुवात करावी. सरकारच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.